पितृपक्षातला टेंगरा

टेंगऱ्याला कोणी सुंदर म्हणणार नाही, आणि कोणी म्हटलंच तर त्याने टेंगरा पाहिलेला नाही असं खुशाल समजावं. वीतभर मासा. अंगावर खवले नाहीत, नुसती बुळबुळीत कातडी, रंग शेवाळलेल्या दगडाचा, तोंडाभोवती लांबच लांब मिशा. पाठीवर एक काटा आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक, असे तीन काटे. पाण्याबाहेर काढला की तिन्ही काटे ताठ उभे करतो आणि कुरकुरतो. खरंच कुरकुरतो, दुपारच्या झोपेतून उठवलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा. दिवसा तो तुम्हाला दिसायचा नाही. दगडांच्या कपारीत, काठावरच्या जांभळाच्या मुळ्यांत, गाळात रुतलेल्या एखाद्या फांदीखाली गुपचूप पडून राहतो. पाण्यावरचा उजेड गेला की मग मिशांनी तळ चाचपत बाहेर येतो आणि किडे-गांडुळं शोधत फिरतो.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला हो काय ठाऊक? बरोबर आहे. आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी मासा तोंडात घातलेला नाही. पण एक टेंगरा पाच दिवस आमच्या न्हाणीतल्या पितळी घंगाळात राहून गेला, तोही ऐन पितृपक्षात, आणि त्याला घरात आणणारी दुसरी-तिसरी कोणी नसून माझी आई होती. जी आई शेजारच्या वहिनींच्या फोडणीत लसूण पडला तरी आमची खिडकी लावून घ्यायची, तीच आई!

ते पासष्ट साल. सीमेवर लढाई लागली होती आणि जबलपुरात दिवसरात्र कारखान्यांचे भोंगे वाजत होते. आम्ही कांचघरला दोन खोल्यांत राहायचो. बाबा कारखान्यात. आमच्या गावात नुसतं ‘कारखान्यात’ म्हटलं की पुढे कोणी विचारत नसे, तोफांचे गाडे म्हणा की दारूगोळा म्हणा, सगळं इथेच होत होतं. संध्याकाळी ब्लॅकआउट. सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांना म्हणे जाड जाड पडदे होते, आमच्या खिडकीला आईने खळीने काळा कागद चिकटवला होता. फटीतून सुईएवढा उजेड दिसला तरी वॉर्डन रस्त्यावरून ओरडायचा, “ओ मराठी बाई, बत्ती!”

बाबा चौदा वर्षं मजूर होते. फिटर व्हायचं तर ट्रेड टेस्ट द्यावी लागे, आणि बाबा दोनदा नापास झालेले. काम हातात नव्हतं असं नाही. परीक्षक समोर उभा राहिला की त्यांचा हात थरथरायचा. परीक्षा काय, तर लोखंडी पट्टीत एक चौकोनी भोक करायचं आणि दुसरा चौकोनी ठोकळा कानशीने घासून त्यात असा बसवायचा की चारही बाजूंनी फिरवून घातला तरी उजेडाचा केस दिसू नये. ढोबळ काम कोणीही करील. शेवटचं घासणं हाताच्या तळव्यावर असतं. कानशीची मूठ अंगठ्याच्या मुळाशी टेकते आणि तिथूनच सगळा दाब द्यायचा. लढाईमुळे कारागीर कमी पडून राहिले होते, म्हणून अचानक परीक्षा लावली, येत्या शुक्रवारी. तिसऱ्यांदा नापास झाला तर पुन्हा बसता येणार नाही, असं बाबांना त्यांच्या मुकादमाने बजावलं होतं. बाबा रोज घरी आले की मागच्या पायरीवर बसून खर्र खर्र घासत आणि ठोकळा बसवून माझ्यापुढे धरत. “बघ ग, उजेड दिसते का?” मी एक डोळा मिटून बघायची. दिसत नसला तरी दोनदा बघायची, कारण मला फार महत्त्वाचं वाटायचं.

आता बाबांचं एक गुपित सांगते. त्यांना गळ टाकायचा नाद होता. खायचा नाही, मारायचा नाही. मासा पकडायचा, डोळे भरून बघायचा आणि सोडून द्यायचा. आठ-दहा तास लोखंडावर लोखंड ऐकल्यावर माणसाला कुठे तरी गप्प बसावंसं वाटत असेल, मला आता समजतं. आईला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. गळ सायकलच्या हत्यारांच्या पिशवीत, पान्याच्या खाली.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी बाबांना तीन आठवड्यांनी सुट्टी मिळाली, तीही अर्धी. सकाळची पाळी करून आले, जेवले आणि आईला म्हणाले, “पनागरला जाऊन भाजी घेऊन येतो, तिकडे ताजी मिळते. पोट्टीला नेऊ का?” आई म्हणाली, “न्या बाप्पा, घरात बसून डोकं खाऊन राहिली.” मी अकरा वर्षांची, एक नंबरची हट्टी. सायकलच्या मागे बसले आणि वाटेत बाबांच्या पाठीला गुदगुल्या करत एकच घोषा लावला, “मला टेंगरा दाखवा. जिवंत दाखवा.” कारण टेंगरा कुरकुरतो, हे मला त्यांनीच सांगितलं होतं आणि माझा विश्वास बसला नव्हता.

दोडके, भेंडी, गिलकी घेऊन परतताना परियट नदीवर थांबलो. भादव्याचं पाणी, मातकट, काठोकाठ. बाबांनी एका बुंध्याजवळ जागा धरली, जिथे मुळ्या पाण्यात उतरल्या होत्या. गळाला गांडूळ लावलं आणि आम्ही बसलो. ऊन होतं तोवर काही नाही. सूर्य झाडांमागे गेला, पाणी काळं दिसायला लागलं, तसा बाबांचा दोरा ताणला. बाबांनी ओढला आणि टेंगरा वर आला. कुर्र! खरंच कुरकुरला हो! मला काय ते भान राहिलं नाही. “मला, मला द्या!” म्हणून मी दोन्ही हातांनी झडप घातली. माझा हात पोचायच्या आत बाबांनी तो मासा स्वतःच्या उजव्या मुठीत दाबला.

बाबा ओरडले नाहीत. नुसतं “अगं आई” म्हणाले, हळू. मासा पाण्यात गेला, काटा मोडून अंगठ्याच्या मुळाशी आत राहिला. बघता बघता तळवा फुगला. त्या काट्यात एक प्रकारचं विष असतं, विंचवासारखं आग आग करतं. परतीच्या वाटेवर त्यांना हँडल धरवेना, म्हणून ते सायकल डाव्या हाताने ढकलत चालले आणि मी भाजीची पिशवी घेऊन मागे. रस्त्यावर कुठेच दिवा नव्हता. घराजवळ आल्यावर बाबा म्हणाले, “आईला सांगू नको हं. सकाळी कारखान्यात लोखंडाची कपची घुसली म्हणतो.” मी हो म्हटलं. तो काटा माझ्या हातात जायचा होता, हे मला पुरतं कळलं होतं.

आईने हात पाहिला आणि कपाळावर हात मारला. “सकाळपासून घेऊन हिंडून राहिले? काहून बोलले नाही?” लोखंडाची कपची म्हटल्यावर तिने बाबांच्याच डब्यातलं लोहचुंबक काढलं, तळव्यावर फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. “लोखंड आहे आणि चुंबक ओढत नाही, हे काय नवल?” बाबा म्हणाले, “पितळ असंल.” आईने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं. मी उगीचच भेंड्या मोजायला घेतल्या. मग तिने हळद-तुपाचं पोटीस बांधलं. पितळ असो की लोखंड, पोटीस बांधलं की बाहेर येतं, असा तिचा हिशोब. लोखंडाचं येतही असेल. पण ह्या काट्याला दाते असतात, ते पोटिसाला दाद देत नाहीत, हे तिला कोण सांगणार?

सोमवारी बाबा तसेच कामावर गेले. दवाखान्यात जायला तयार नाहीत. तिथे कोणी ‘अनफिट’ लिहिलं की परीक्षा गेली, आणि हात कशाने सुजला विचारलं तर काय सांगणार? संध्याकाळी आले ते तापाने फणफणलेले. मागच्या पायरीवर बसले, कानस उचलली, मूठ तळव्याला टेकवली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मी ठोकळा बघायला जाऊन उभी होते. ते मला म्हणाले, “जा, अभ्यास कर.” मला इतकं रडू आलं की काळ्या कागदाला तोंड लावून रडले.

मंगळवारी बाबा गेल्यावर मी चुलीपाशी जाऊन उभी राहिले. आई पोळ्या लाटत होती. मी सगळं एका दमात सांगून टाकलं, नदी, गळ, टेंगरा, माझी झडप, त्यांची मूठ. आईचं लाटणं थांबलं.

“मासा?” ती म्हणाली. “पितृपक्षात?”

मी मान खाली घातली.

“आणि मी दोन दिवस हळद बांधून राहिली! खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात तो असा. बापही तसा नि लेकही तशी!” एक धपाटा पाठीत बसला. तो मला आवडला, खरं सांगते. दोन दिवसांत पहिल्यांदाच हलकं वाटलं. मग तिने तवा उतरवला, चुलीतली लाकडं ओढून घेतली आणि पदराला हात पुसत म्हणाली, “चल.”

“कुठे?”

“ज्याला समजते त्याच्याकडे.”

कांचघरच्या बाजारात एका टोकाला एक ढीमरीण, आपल्याकडची कोळीण म्हणा, मासे घेऊन बसायची. तिच्यापुढून जाताना आई नेहमी नाकाला पदर लावून रस्त्याच्या पलीकडून जायची, आणि ती ढीमरीण मुद्दाम मोठ्याने “राम राम जिज्जी!” म्हणायची. त्या दिवशी आई सरळ तिच्या टोपलीसमोर जाऊन उकिडवी बसली. ढीमरीण इतकी चकित झाली की राम राम म्हणायची विसरली.

आईचं हिंदी म्हणजे मराठीलाच थोडी टोपी घातलेली. “दीदी, टेंगरा का काटा मेरे घरवाले के हात में टूट गया. शुक्रवार को उनका हात पाहिजे मेरेको. क्या करूँ?”

ढीमरीण हसली नाही. म्हणाली, “गरम पानी में हाथ डुबाओ जिज्जी, जित्तो गरम सह सकें. पीर उतर जैहे.” म्हणजे ठणका उतरेल. आणि काटा? “काँटा सीधो मत खींचियो. दाँत होत हैं ओमें, एक तरफ. मांस फाड़ के आहे.” म्हणजे सरळ ओढला तर मांस फाडूनच येणार.

“कोणती तरफ?”

तिने टोपलीतला मेलेला टेंगरा उचलून दाखवायला घेतला, पण त्याचे काटे तिने आधीच ठेचून मोडले होते, गिऱ्हाइकाला लागू नयेत म्हणून. आई म्हणाली, “जिवंत आहे?” मागे एका मटक्यात दोन-तीन होते, परियटचेच. आईने एक मागितला. ढीमरीण म्हणाली, “जिज्जी, तुम मछरिया घर ले जैहो?” आई म्हणाली, “बघितल्याशिवाय हात कसा लावू?” ते मराठीतच म्हणाली, पण दोघींना एकमेकींचं बरोबर समजत होतं. ढीमरिणीने मटकीत पाणी घालून एक टेंगरा दिला आणि वर म्हणाली, “दिन में सोवत है जो. पत्थर दे दइयो लुकबे खों.” लपायला दगड द्या, म्हणत होती.

मी मटकी धरायला पुढे झाले. आईने डोळे वटारले. “तू नको. तू लांब राहा.” कांचघरच्या भर बाजारातून माझी आई कडेवर मासा घेऊन चालली, नऊवारीचा पदर खोचून. ओळखीच्या एका काकूंनी विचारलं, “काय हो, दही का?” आई म्हणाली, “औषध.”

घरी आल्यावर तिने घंगाळ भरलं आणि मासा त्यात सोडला. मग ओला पंचा हातावर घेऊन त्याला असा उचलला की डोकं आणि काटे बाहेर राहिले. तिचे ओठ हलत होते. ती पितरांची माफी मागत होती की माशाची, मला कळलं नाही. मासा कुरकुरला. “कुरकुर कर बाप्पा, तुझा हक्कच आहे,” आई त्याला म्हणाली. आई ब्लाउज शिवायची, मोहल्ल्यातल्या सगळ्या मराठी बायकांचे. शिवणाऱ्या बाईची नजर तिची. तिने सुईचं टोक बाजूच्या काट्यावरून फिरवलं. पुढची धार गुळगुळीत. मागची, शेपटीकडची धार करवतीसारखी, आणि एकेक दाता गळासारखा आत वळलेला. “अस्सं,” ती म्हणाली. “टीप उसवायची तर कुठून घातली ते आधी बघावं लागते.” मासा पाण्यात सोडला, कौलाचा एक तुकडा धुऊन घंगाळात तिरका ठेवला. तो लगेच त्याखाली गेला.

मग तिने मला समोर बसवलं, हातात लाटणं दिलं. “हा मासा समज. बाबांनी कसा धरला, ते दाखव. डोकं कुठे होतं? विचार करून सांग. उगीच फेकशील तर बघ.”

मी डोळे मिटले. मला ती मूठ स्पष्ट दिसत होती, रात्रंदिवस दिसत होती. डोकं अंगठ्याच्या बाजूने बाहेर, मिशा हलत होत्या. शेपटी करंगळीच्या बाजूने. मी लाटणं तसं धरलं. “नक्की?” “नक्की.” म्हणजे काट्याचे दाते करंगळीकडे आणि गुळगुळीत धार अंगठ्याकडे. आईने मान हलवली आणि पोळ्या करायला बसली.

बाबा आले तेव्हा अंधार पडला होता. आईने दिव्याला कागदाचा गोल केला होता, उजेड फक्त पाटावर पडत होता. बादलीत वाफाळतं पाणी. “हात टाका,” ती म्हणाली.

“काहून?”

“टेंगरा,” आई म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता आयुष्यात हे माझ्याशी बोलणार नाहीत. पण त्यांनी नुसता मोठा श्वास सोडला, पाटावर बसले आणि हात पाण्यात घातला. आधी तोंड कसंनुसं केलं. मग हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. “थांबून राहिलं,” ते म्हणाले. “आग थांबून राहिली.” आईने तरी त्यांना विचारलंच, “मासा कसा होता मुठीत? डोकं कुठे?” बाबा म्हणाले, “मला काय ठाऊक? मी त्या वेळी पोरीकडे बघून राहिलो होतो.”

आईने उकळलेली सुई घेतली, फुगलेल्या जागेचं तोंड मोकळं केलं, करंगळीकडचं मांस सुईच्या बोथट बुडाने दाबून धरलं आणि शिवणाच्या डब्यातल्या बारीक चिमट्याने काटा धरून अंगठ्याकडे रेटत रेटत ओढला. मी दिवा धरला होता. बाबांच्या कपाळावरून घाम गळत होता. आई एकदा थांबली, माझ्याकडे बघून म्हणाली, “नक्की ना ग?” मी म्हटलं, “नक्की, आई.” मी चुकले असते तर तो तळवा फाटला असता आणि त्याला कारण दुसऱ्यांदा मीच. तिने पुन्हा रेटलं. काटा आला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, पिवळट. त्याच्यामागे पू आणि रक्त. बाबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “बाई, तू फिटर व्हायला पाहिजे होती.” आई म्हणाली, “चलो, जास्त बोलू नका. तुमच्याशी मी बोलून नाही राहिली.”

आणि खरंच बोलली नाही, रविवारपर्यंत. बोलली नाही, पण दिवसातून तीनदा गरम पाणी, कडुनिंबाचा पाला, स्वच्छ फडकं. ताप बुधवारी उतरला. सूजही निम्मी झाली. गुरुवारी संध्याकाळी बाबांनी कानशीच्या मुठीला जुन्या धोतराची घडी गुंडाळली आणि पायरीवर बसून पाच-सहा हात मारले. आई आतून ऐकत होती. आवाज थांबला की तिचा हातही थांबायचा.

इकडे घंगाळातल्या पाहुण्याचं वेगळंच. दिवसभर तो कौलाखालून हलायचा नाही. आईने भाताची शितं टाकली, पोळीचा तुकडा टाकला, तोंड लावलं नाही. “उपाशी मारायचं का घरात आणून?” म्हणून माझी आई, पितृपक्षात, तुळशीच्या कुंडीपाशी बसून चमच्याने गांडूळ उकरत होती आणि तुळशीला म्हणत होती, “माय, तू इकडे पाहू नको.” दिव्याच्या उजेडात त्याने गांडुळालाही तोंड लावलं नाही. मग भोंगा झाला, ब्लॅकआउट झाला, आम्ही दिवा घालवला आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर दोघी बसलो. थोड्या वेळाने पाणी हललं. डोळे अंधाराला सरावल्यावर दिसलं, तो घंगाळाच्या कडेकडेने मिशा टेकवत फिरत होता, सगळीकडे हात लावून बघावं तसा. गांडूळ गेलं. “पाहा,” आई हळूच म्हणाली, “आपण अंधाराला घाबरून बसलो आणि ह्याची आता सकाळ झाली.” त्या अंधाराची मला त्या दिवसापासून भीती वाटेनाशी झाली. भोंगा वाजला की मला वाटायचं, चला, परियटच्या दगडांखालून सगळे टेंगरे निघाले असतील.

शुक्रवारी बाबा परीक्षा देऊन आले. काय झालं विचारलं तर म्हणाले, “दिली.” निकाल मागून लागणार होता. फडक्यावर रक्ताचा ठिपका होता, आई तो बघून पुन्हा पाणी तापवायला गेली.

रविवारी मासा परत सोडायचा होता. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, इथे जवळ तलाव आहे की, तिथे टाका. आई म्हणाली, “गरज सरो नि वैद्य मरो, असं नाही करायचं. जिथला तिथे सोडायचा.” बाबा मटकी घेऊन निघाले, मी सायकलवर चढणार, तर आई चप्पल घालून दारात उभी. हातात वहिनींचा थर्मास. “हे काय?” “उकळतं पाणी. तुम्हा दोघांचा भरवसा नाही मला.” मग सायकल परत भिंतीला लावली आणि आम्ही तिघंही बस धरायला निघालो. नदीवर तिने कोणालाच मटकीला हात लावू दिला नाही. दुपारची चार-साडेचारची वेळ, लख्ख उजेड. तिने मुळ्यांपाशी मटकी आडवी केली. टेंगरा बाहेर आला, क्षणभर तसाच थांबला, उजेडाने गोंधळला असेल, आणि मग एका दगडाखाली असा सरकला की जणू तिथेच राहत होता. आई वाकून बराच वेळ बघत राहिली. तिथून उठताना म्हणाली, “जागा चांगली आहे हो. सावली आहे.” बाबांशी बोललेलं ते तिचं पहिलं सरळ वाक्य.

त्याच आठवड्यात लढाई थांबली. वॉर्डनच्या शिट्ट्या बंद झाल्या. आईने खिडकीचा काळा कागद भिजवून भिजवून काढला, नखांनी खळ खरवडली. आणि निकाल काही लागेना. बाबा रोज जात, रोज येत, आणि आम्ही कोणी विचारत नसू. आई रोज रात्री त्यांचा तळवा दिव्याखाली धरायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबायची आणि विचारायची, “दुखते?” बाबा म्हणायचे, “थोडं.” ती हात सोडायची.

आठ-दहा दिवसांनी एका संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे पहिल्यांदा पुन्हा लागले होते. मी दारात उभी राहून नुसते दिवे बघत होते. बाबा सायकलवरून आले, सायकल भिंतीला टेकवायचीही त्यांना शुद्ध नव्हती, ती आडवी पडली. ते आत जाऊन म्हणाले, “पास झालो. फिटर झालो मी.”

मी उड्या मारायला लागले. आई चुलीपुढून उठली, ओले हात तसेच. म्हणाली, “हात दाखवा.”

“अगं, पास झालो म्हणतो ना! चारही बाजूंनी फिरवून पाहिला त्यांनी, उजेड नाही दिसला.”

“ऐकलं मी. हात दाखवा.”

बाबांनी हात पुढे केला. तिने अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, आधी हळू, मग जोरात. त्यांच्या तोंडाकडे बघत होती, खोटं बोलतात का ते. “दुखते?”

“नाही,” बाबा म्हणाले. “खरंच नाही ग. आता नाही दुखत.”

त्या काळी आमच्यासारख्या घरांत नवराबायको मुलांसमोर एकमेकांना हातही लावत नसत. आईने तो तळवा दोन्ही हातांत धरला, आपल्या डोळ्यांवर ठेवला, आणि मी समोर उभी असताना, दार सताड उघडं असताना, ढसाढसा रडली.